नॉर्मंडीच्या ड्यूकांची थडगी

उत्तर फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथेड्रलमध्ये वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गावर रोलोचे थडगे आहे आणि त्यावर त्याचा आडवा दगडी पुतळा आहे. ९११ साली फ्रँकांचा राजा चार्ल्स याने सीन नदीच्या मुखाकडचा, पुढे नॉर्मंडी म्हणून ओळखला गेलेला मुलूख या व्हायकिंग सरदाराला तोडून दिला, तो त्याने बाप्तिस्मा घ्यावा आणि इतर व्हायकिंग टोळ्यांना नदीतून आत येऊ देऊ नये, या अटीवर. रोलोचा मुलगा विल्यम लाँगस्वर्ड याला ९४२ साली वाटाघाटीसाठी बोलावून दग्याने मारले. त्याचे थडगेही याच कॅथेड्रलमध्ये आहे. ‘ड्यूक’ ही पदवी रुळली ती पुढे लाँगस्वर्डचा नातू दुसरा रिचर्ड याच्या काळात.

फालेझ या गावी किल्ल्याबाहेरच्या चौकात पुढच्या पिढीतल्या विल्यमचा, म्हणजे इंग्लंड जिंकून तिथला राजा झालेल्या ‘विल्यम द काँकरर’चा, अश्वारूढ पुतळा आहे आणि चौथऱ्याभोवती त्याच्या आधीचे सहाही शासक उभे आहेत. वडील रॉबर्ट जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना १०३५ मध्ये वारले, तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा हा अनौरस मुलगा गादीवर आला. इंग्लंडच्या विजयापेक्षा त्या पोरक्या वयात तो तगला, हेच मला अधिक मोठे वाटते.

मी मुख्यतः आलो होतो काँ शहरासाठी. विल्यमने स्वतः बांधवलेल्या मठाच्या चर्चमध्ये वेदीसमोर एक साधी संगमरवरी शिळा आहे. तिच्यावरील लॅटिन लेखात त्याला ‘परम अजिंक्य’ म्हटले आहे. १०८७ मध्ये येथे दफनविधी चालू असताना आसेलँ नावाचा माणूस पुढे आला आणि ही जागा आपल्या वडिलांकडून बळकावलेली असल्याचे त्याने सर्वांदेखत सांगितले, असे ऑर्डेरिक व्हिटॅलिस या मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. उपस्थितांनी त्याला ६० शिलिंग मोजून दिले, तेव्हा कुठे राजाला साडेतीन हात जागा मिळाली. पुढे १५६२ मध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट यांच्यातल्या धर्मयुद्धाच्या धामधुमीत थडगे फोडले गेले आणि अस्थी विखुरल्या. त्यांतले मांडीचे एक हाड तेवढे वाचले.

शहराच्या दुसऱ्या टोकाला विल्यमची राणी मटिल्डा हिने स्थापलेला मठ आहे. तिच्या थडग्यावरची काळी शिळा मात्र अकराव्या शतकातलीच आहे; वाकून पाहिले तर कडेने कोरलेली अक्षरे आजही एकेक लावता येतात.