सहलीतली सर्दी बर्फातून येत नाही

मनाली किंवा काश्मीर करून आलेल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोरं बर्फात खेळली, म्हणून सर्दी झाली." तारखा मांडून पाहिल्या तर हे जुळत नाही. सर्दीचा विषाणू नाकात शिरल्यापासून नाक गळायला लागेपर्यंत साधारण बारा तास ते तीन दिवस जातात. पुण्या-मुंबईहून रेल्वेनं चंडीगड आणि पुढे टेम्पो ट्रॅव्हलरनं मनाली गाठेपर्यंत दोन दिवस उलटलेले असतात. तिसऱ्या दिवशी बर्फ पाहून आल्यावर रात्री घसा खवखवायला लागला, तर ती लागण बहुतेकदा डब्यात, गाडीत किंवा निघायच्या आदल्या दिवशी घरातच झालेली असते.

बर्फात उभं असताना नाकातून पाणी येतं, ती गोष्टच वेगळी. थंड, कोरडी हवा फुप्फुसात जाण्याआधी नाक ती गरम आणि ओलसर करतं, त्यासाठी जास्त पाणी सोडतं. खोलीत येऊन बसलं की थोड्या वेळात हे थांबतं. ही सर्दी नव्हे आणि तिला औषधही लागत नाही.

तरी "पाय गार पडू देऊ नका" असं सांगणारी आजी अगदीच चुकीची नाही. २००५ साली ब्रिटनमध्ये १८० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवले, उरलेल्यांनी नुसत्या रिकाम्या भांड्यात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाणीवाल्यांपैकी सुमारे २९ टक्के लोकांनी सर्दीची लक्षणं सांगितली, दुसऱ्या गटात ९ टक्के लोकांनी. याचा एक अर्थ असा लावला जातो, की पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच आत येऊन बसलेल्या विषाणूला वाव मिळतो. विषाणू नसेल तर नुसत्या गारठ्यानं सर्दी होत नाही. तेव्हा खरी राखण करायची ती विषाणूच्या वाटेची, आणि ती घरापासूनच सुरू होते.

निघण्याआधीचे तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात. ऑफिसातलं काम उरकायचं, बॅगा भरायच्या, खाऊ करायचा आणि पहाटेची गाडी पकडायची, यात झोप पाच तासांवर येते. २०१५ साली अमेरिकेत १६४ निरोगी माणसांची आठवडाभराची झोप मोजून मग त्यांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले गेले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. विषाणू सगळ्यांना सारखाच मिळाला होता. म्हणून बॅगा दोन दिवस आधी भरून दाराशी ठेवा, टिकणारी चकली-शंकरपाळी आधीच्या शनिवार-रविवारी उरकून घ्या आणि शेवटच्या तीन रात्री सात तास झोपा. च्यवनप्राशाच्या बाटलीपेक्षा माझा भरवसा यावर जास्त आहे.

व्हिटॅमिन सीचंही असंच. रोज घेतलं तरी साध्या सहलीला जाणाऱ्या माणसाची सर्दी त्यानं टळत नाही, फक्त मोठ्यांमध्ये तिचे दिवस साधारण आठ टक्क्यांनी कमी होतात. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर तेवढाही फायदा नक्की सांगता येत नाही. कडक थंडीत अंगमेहनत करणारे सैनिक, स्कीइंग करणारे, लांब पल्ल्याचे धावपटू यांना मात्र त्याचा चांगला उपयोग दिसला आहे. आवळा खायचा तर आवडीनं खा.

फ्लूच्या लशीचं गणित वेगळं. टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. आपल्याकडे फ्लूची साथ पावसाळ्यात जोरात असते आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा डोकं वर काढते. साठीच्या पुढचे, मधुमेह किंवा दमा असलेले आणि गरोदर बायका यांनी लस घेऊनच निघावं. नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच ही लस देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे तयारी दीड महिना आधी. फ्लूची लस साध्या सर्दीपासून वाचवत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत.

आता डबा. गाडी सुटते, चिवड्याचा डबा उघडतो आणि बारा माणसांचे हात त्यात आळीपाळीनं जातात. त्यातल्या एकानं नुकतंच नाक पुसलेलं असतं, दुसऱ्यानं वरच्या बर्थवर चढताना शिडी धरलेली असते. सर्दीचा विषाणू हातावर तासन्‌तास टिकतो आणि तिथून डोळ्यांत किंवा नाकात पोचला की काम झालं. उपाय सोपा आहे: डब्यात एक डाव ठेवा आणि प्रत्येकाला कागदी द्रोणात किंवा वाटीत वाढून द्या. पुऱ्या-भाजी घरूनच माणशी वेगळी बांधा. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी आणि नाव लिहिलेली. एकच असेल तर तोंड न लावता वरून पिण्याची आपली जुनी पद्धत उत्तम.

खाण्याआधी हात साबणानं वीस सेकंद धुवायचे. रेल्वेच्या डब्यातल्या बेसिनमध्ये साबण असेलच असं नाही, म्हणून कागदी साबणाची डबी खिशात हवी. सॅनिटायझर घ्यायचं तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं, आणि दोन्ही हात पूर्ण ओले होतील इतकं, सुकेपर्यंत चोळायचं. दोन थेंब लावून लगेच पँटला पुसलं तर काही होत नाही. तेलकट किंवा मातीच्या हातांवर ते नीट चालत नाही. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरसही त्याला फारशी दाद देत नाही. पोटाची साथ असेल तिथे साबणच लागतो. डोळे चोळायची सवय मोडणं सगळ्यात अवघड, मुलांची तर फारच. चेहरा पुसायला प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा रुमाल असला तर निदान बोटं तरी लागत नाहीत.

एसी डब्यात मिळणाऱ्या दोन चादरींपैकी एक खाली आणि दुसरी अंगावर घ्या, ब्लँकेट तिच्यावरून. चादरी दर प्रवाशामागे धुतल्या जातात, ब्लँकेट तितक्या वेळा धुतलं जात नाही. हलकी शाल आणि कानटोपी हाताशीच ठेवा, सीटखालच्या मोठ्या बॅगेत नको. बाजूच्या बर्थवर कुणी सारखं खोकत असेल तर आपण मास्क लावावा. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. सैल कापडी मास्कवर विसंबू नये.

टेम्पो ट्रॅव्हलर ही मात्र खरी अडचणीची जागा. पंधरा-सतरा माणसं, आठ तास, बंद काचा आणि एसी आतलीच हवा फिरवणारा. एकाला सर्दी असली तर घाट संपेपर्यंत तीच हवा सगळे घेतात. चालकाला निघतानाच सांगा, "दादा, बाहेरची हवा आत येणारं बटण चालू ठेवा," आणि तासाला पाच मिनिटं समोरासमोरच्या दोन काचा चार बोटं उघडा. एकच काच उघडली तर हवा नीट खेळत नाही. ज्याला सर्दी झाली आहे त्याला मास्क द्या आणि शेवटच्या रांगेत उघडणाऱ्या खिडकीशी बसवा. घाटात मागे मळमळत असेल तर पुढे बसवावं लागेल, मग त्याच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवा.

विमानाबद्दल भीती जरा जास्तच आहे. मोठ्या जेट विमानांत केबिनची हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते आणि फिरणारी हवा हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून जाते. तिथे धोका मुख्यतः शेजारच्या आणि पुढच्या-मागच्या एक-दोन रांगांतल्या खोकणाऱ्या माणसापासून असतो. त्याहून जास्त सांभाळावं लागतं ते चेक-इनच्या रांगेत, बसमध्ये आणि दार उघडायची वाट पाहत एकमेकांना खेटून उभं राहताना. केबिनमधली आर्द्रता १० ते २० टक्के, म्हणजे हवा फारच कोरडी. नाकाचा पडदा सुकतो, म्हणून नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा मारा आणि थोडं थोडं पाणी पीत राहा.

पाण्यावरून एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून सहलीत बायका पाणीच पीत नाहीत. त्यानं घसा आणि नाक कोरडं पडतं, शिवाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. सहलीचा कार्यक्रम ठरवतानाच दर दोन-अडीच तासांनी बऱ्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर थांबा लिहून घ्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. डोंगरात पाणी उकळून प्यायचं तर खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

कपड्यांत नेहमी होणारी चूक म्हणजे आत सुती बनियन आणि वर एकच जाड जॅकेट. चढताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलं की अंग गारठतं. आत घाम सोडणारं थर्मल, मध्ये लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, असे तीन थर घाला. चालताना मधला काढा, थांबताच घाला. बर्फातून आल्यावर मुलांचे मोजे आधी बदला. माणशी रोज दोन जोड मोजे धरा.

पहाडातल्या हॉटेलात रात्री थंडी वाजली म्हणून बंद खोलीत कोळशाची अंगीठी घेऊन कुणी झोपू नये. काश्मिरी कांगडीही, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, बंद खोलीत, पांघरुणात घेऊन नको. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर बालदी भरून तो बंद करावा आणि मग खिडकी उघडी ठेवून आंघोळ करावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं होणं ही लक्षणं फ्लूसारखीच वाटतात. ताप नाही, नाक वाहत नाही आणि खोलीतल्या सगळ्यांनाच एकदम त्रास होतोय, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा.

उंचीचा त्रासही असाच सर्दीच्या नावाखाली लपतो. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे, केदारनाथ ३५८३. पोचल्यावर काही तासांत डोकं दुखणं, भूक जाणं, मळमळणं हे विरळ हवेमुळे होतं. लेहला विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस खारदुंग ला ही उंच खिंड नको, दारू नको, धावपळ नको. छातीत कफ आणि ताप असताना वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी आली तर रात्र असली तरी खाली उतरायचं आणि ऑक्सिजन व डॉक्टर गाठायचे. "सर्दी आहे, सकाळी बघू" असं म्हणण्यात जीव जातो.

सर्दी झालीच तर ती आठवडा-दहा दिवस घेणार. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाहीत, ती उगाच सुरू करू नका. सलाइनच्या फवाऱ्यानं नाक मोकळं होतं. जलनेती करत असाल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट दीड चमचा, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम मीठ. हॉटेलच्या नळाचं पाणी तसंच नाकात घेऊ नका. त्यातून मेंदूपर्यंत जाणाऱ्या अमिबाचा संसर्ग दुर्मीळ आहे, पण झाला तर माणूस क्वचितच वाचतो. खोकल्याला मध चालतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही.

औषधांत सर्वाधिक गोंधळ पॅरासिटामॉलचा होतो. सर्दीच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत ते असतंच, वर तापासाठी वेगळी गोळी घेतली की मात्रा दुप्पट. पाकिटावरची नावं वाचा, दोन्हींपैकी एकच घ्या. मुलांना एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं. बाटलीवरच्या ५ मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते पाहूनच मोजा, कारण १२० आणि २५० अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिळतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे. दुबईला निघाला असाल तर कोडीन असलेलं खोकल्याचं औषध बॅगेत टाकू नका, तिथे त्यावर कडक नियंत्रण आहे.

एकदम चढलेला ताप आणि अंग मोडून येणं ही फ्लूची खूण. वयस्कर, गरोदर किंवा मधुमेही माणसाला पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांकडे न्या. फ्लूवरची गोळी तेव्हाच नीट लागू पडते.

परतीचं विमान असेल आणि नाक बंद असेल तर कानाचा विचार आधी करा. उतरताना केबिनचा दाब वाढतो, आणि सुजलेल्या नाकामागची कानाची नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जाऊन भयंकर दुखतं. विमान खाली यायला लागण्याच्या अर्धा तास आधी झायलोमेटाझोलिनचे थेंब नाकात घाला. मोठ्यांना ०.१ टक्क्याचे, सहा वर्षांपुढच्या मुलांना ०.०५ टक्क्याचे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर थेंब थांबवताच नाक आणखी बंद होतं. उतरू लागताना झोपू नका, लिमलेटची गोळी चघळत आवंढे गिळा. तान्ह्या बाळाला त्याच वेळी अंगावर पाजा किंवा बाटली द्या. झोपलं असेल तर उठवून पाजा.