मॅलम कोव्ह
लंडन सोडून यॉर्कशायरच्या गावात आल्यापासून रविवारी चालायला जायचंच असं ठरून गेलंय, आज मॅलम कोव्हला गेलो. जवळपास 80 मीटर उंच चुनखडीचा सरळसोट कडा, हिमयुगाच्या शेवटी बर्फाचं पाणी इथून धबधब्यासारखं कोसळायचं, आता पायथ्याशी फक्त एक ओढा निघतो. पायऱ्या चढून वर गेलं की सगळा कातळ आणि त्याच्या खोल भेगांमधे नेचे उगवलेले, मी वाकून बघतच बसले! मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे वाट सरळ शेतकऱ्याच्या कुरणातून जाते, आजूबाजूला मेंढ्या, कोकरं, कुणी अडवत नाही कारण पायवाट सगळ्यांच्या हक्काची, फक्त फाटक आठवणीने लावायचं. पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत, बाबांना गुडघ्यामुळे वर नाही जमणार पण पायथ्यापर्यंत रस्ता चांगला आहे, तिथवर त्यांना नेणारच.