किन्नौर ते स्पिती: जमीन थोडी, पाणी त्याहून थोडे

शिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीत शिरायचे आणि कुंझुम खिंड ओलांडून मनालीकडे उतरायचे, हा क्रम आम्ही मुख्यतः उंचीच्या धास्तीने ठरवला होता. मनालीकडून गेल्यास एकाच दिवसात सुमारे 2,000 मीटरवरून साडेचार हजार मीटरवर चढावे लागते. सतलजच्या काठाने गेल्यास शरीराला विरळ हवेची सवय हळूहळू होत जाते. या क्रमाचा दुसरा लाभ वाटेत उमगला. देवदारांच्या ओल्या डोंगरांतून आपण टप्प्याटप्प्याने थंड वाळवंटात जातो, आणि पाणी कमी होत जाईल तसतशी घरांची बांधणी, पिके आणि वारशाच्या रीतीही कशा बदलत जातात, ते ओळीने पाहायला मिळते.

गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीच्या काळात, 1850 साली, ज्या हिंदुस्तान-तिबेट मार्गाचे काम सुरू झाले त्याच दिशेने आजचा महामार्ग जातो. रामपूर सोडल्यावर कडे कोरून काढलेला रस्ता, खाली गढूळ सतलज आणि वर सुटे दगड, अशी स्थिती आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये निगुलसरी येथे दरड कोसळून प्रवाशांनी भरलेली बस गाडली गेली होती. तो टापू ओलांडताना आमच्या गाडीतील गप्पा आपोआप थांबल्या. येथील नदीही सर्वत्र नदीसारखी दिसत नाही. नाथपा येथे अडवलेले पाणी सुमारे 27 किलोमीटरच्या बोगद्यातून झाकरीला नेऊन तेथे 1,500 मेगावॅटचा वीजप्रकल्प चालवला जातो, आणि दोन्हींमधले पात्र कोरड्या ऋतूत केविलवाणे वाटते. आणखी धरणे नकोत, असे म्हणत किन्नौरच्या तरुणांनी ‘नो मीन्स नो’ ही घोषणा दिली, तिच्यामागचे कारण हा रस्ता पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

करछमला वळून बास्पा नदीच्या काठाने सांगला आणि पुढे सुमारे 3,450 मीटरवरचे छितकुल गाठता येते. छितकुलची लाकडी घरे सुंदर आहेत, परंतु गर्दीमुळे तेथे मन रमले नाही. कल्पा मात्र आवडले. समोर किन्नर कैलास, उतारांवर सफरचंदाच्या बागा, आणि सभोवतीच्या रानात चिलगोझ्याची, म्हणजे खाण्याजोग्या बिया देणाऱ्या पाइनची झाडे. दुकानात भलत्या भावाने मिळणारा हा सुकामेवा येथे जंगलातून येतो. शरद ऋतूत त्याचे शंकू काढले जातात आणि कोणत्या रानावर कोणत्या गावाचा हक्क, हे ठरलेले असते. किन्नौर आणि लाहौल-स्पिती हे दोन्ही जिल्हे राज्यघटनेच्या आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पाचव्या अनुसूचीत येतात, आणि 1968 च्या राज्य कायद्यानुसार आदिवासींची जमीन बाहेरच्यांना सहजासहजी घेता येत नाही. ‘येथे एखादा तुकडा घेऊन ठेवावा’ हा मराठी पर्यटकाचा लाडका विचार त्यामुळे जागच्या जागी संपतो, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते.

खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तेथून पुढे झाडे जवळजवळ दिसेनाशी होतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत माणदेश कोरडा राहावा, तसा मोसमी पाऊस अलीकडच्या रांगांवर रिता होतो आणि स्पितीच्या वाट्याला प्रामुख्याने बर्फच येते. ताबोचा मठ सन 996 मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या मातीच्या भिंती हजार वर्षे टिकल्या, त्या या कोरडेपणामुळे. आतील अंधारात भित्तिचित्रे दिसायला डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. 1975 च्या भूकंपाचा तडाखाही या मठाने सोसला. मात्र मातीच्या सपाट छपरांना खरी भीती वाढत्या पावसाची आहे.

पाणी बर्फाच्या वितळण्यातून, कूल नावाच्या पाटांनी शेतात येते आणि त्या पाण्यावरचे जुने हक्क गावांतील मूळ घराण्यांकडे असत. पाटाखाली येईल तेवढीच जमीन पिकणार, म्हणून ती वाटायचीच नाही, असा येथील व्यवहार होता. थोरल्या मुलाला मोठे घर आणि सगळे शेत मिळे, त्याचे लग्न झाले की आईवडील लहान घरात राहायला जात, आणि धाकटे भाऊ मठात जात. किन्नौरमध्ये याच हेतूला भावांनी मिळून एकच पत्नी करण्याची रीत उपयोगी पडे. ती आता जवळपास लोपली आहे. आपण मठांकडे केवळ अध्यात्म म्हणून पाहतो, पण त्यांच्यामागे सातबाऱ्याचा प्रश्नही उभा होता. पिन खोऱ्यात मात्र लग्न करून संसार करणारे बुचेन लामा आहेत, त्यामुळे एकच नियम सगळ्या स्पितीला लावण्याचा मोह आवरावा लागतो.

आज बार्लीच्या जोडीला हिरवा वाटाणा आला आहे. मैदानी भागांत वाटाणा नसतो त्या दिवसांत स्पितीचा तयार होतो, म्हणून त्याला चांगला भाव मिळतो. आम्ही एका गावात घरगुती मुक्काम केला, तेथील शौचालय कोरडे होते: वरच्या मजल्यावर माती टाकलेले भोक आणि खालच्या खोलीत साठणारे खत, जे वसंतात शेतावर जाते. आमच्यातल्या काहींनी नाक मुरडले. पण स्पितीचे मुख्य गाव असलेल्या काझाच्या नव्या लॉजमध्ये साखळी ओढल्यावर वाहून जाणारे पाणी पाहिले, तेव्हा या दोहोंत मागासलेले कोणते, असा वाद रात्री जेवताना बराच रंगला.

किब्बरजवळच्या खोल घळीवर 2017 साली चिचमचा पूल खुला झाला. त्यापूर्वी लोक तारेवरच्या पाळण्यातून ये-जा करीत. लोसरनंतर वस्ती संपते आणि कुंझुमपासून बातलमार्गे ग्रांफूपर्यंतचा रस्ता बहुतांशी दगडगोट्यांचा आहे. दुपारनंतर बर्फाचे पाणी वाढून नाले रस्त्यावर येतात, म्हणून लोसर भल्या पहाटे सोडावे. 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यापासून लाहौलला मनाली हाकेच्या अंतरावर आली आहे. लाहौलमधल्या सिस्सूला गाड्यांची रांग पाहून आम्ही न थांबता पुढे गेलो. कुंझुम मात्र अजूनही हिवाळ्यात बंद होते, आणि तेव्हा स्पितीला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता उरतो तो किन्नौरचाच.