सागाची पांढरी कड

पावसात आडोशाला सागाखाली उभं राहण्यात अर्थ नाही. हातभर लांब पानावर पाणी साठतं आणि आभाळातल्यापेक्षा टपोरा थेंब होऊन डोक्यावर आदळतं. कोवळं पान चुरगाळलं तर बोटं लाल होतात, जून पान पॉलिश पेपरइतकं खरखरीत. उन्हाळ्यात नुसते खराटे उरतात. या झाडाचं सगळं वैभव सालीच्या आत, आणि तिथंही सगळीकडे नाही.

ओंडक्याचं आडवं तोंड बघावं. मधोमध सोनेरी-तपकिरी गाभा, भोवती पांढरट पिवळी कड. वाळवीला न मानवणारं टेक्टोक्विनोन हे रसायन आणि हाताला जाणवणारा तेलकटपणा, दोन्ही गाभ्यातले. कड साध्या हलक्या लाकडासारखीच किडते. तरी 'सागवानच आहे' म्हणून ती चौकटीत बसते, वर गडद पॉलिश चढतं आणि काही पावसाळ्यांनी खाली पिठासारखा भुगा पडू लागतो. नाव खराब होतं सागाचं! फळी पॉलिशच्या आधी, चारही कडांनी बघावी. कमी वयाच्या झाडात पांढरं जास्त निघतं.

गाभ्याचेही नखरे आहेतच. त्यातल्या वाळूसारख्या सिलिकेमुळे रंध्याच्या पात्याची धार लवकर जाते. तेलामुळे सांधा सुटतो. म्हणून ताजा रंधा मारावा, ॲसिटोनचा बोळा फिरवावा, ते उडालं की लगेच चिकटवावं. दुसऱ्या दिवसावर टाकलं की तेल पुन्हा वर येतं. पण याच तेलामुळे सागात लोखंडी खिळे सहसा गंजत नाहीत. ओकच्या लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मात्र खिळे खाऊन टाकतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

ओला साग मात्र तरंगत नाही. म्हणून ब्रह्मदेशात तो उभ्या उभ्या वाळवत. बुंध्याभोवती कुऱ्हाडीनं कडं पाडायचं, साल आणि सगळं पांढरं लाकूड संपून सोनेरी रंग दिसेपर्यंत. मग दोन-तीन वर्षं थांबायचं आणि नंतर तोडून नदीत सोडायचं. काम सोपं वाटतं, पण पांढऱ्याची एक पट्टी जरी राहिली तरी तिच्यातून पाणी वर चढतं आणि झाड हिरवंच राहतं. गाभा आधीच मेलेला असतो. झाड जगतं ते त्या किडणाऱ्या कडेवर.