सही त माहीच हाय

लायसनच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून ७१ वर्षांचे आबाजी नमुना १-अ घेऊन ओपीडीत आले. मागे लेक.

त्या कागदावर डोळे, कान, हातपाय सगळं विचारतात. आठवणीचा रकाना नाही. आबाजींची नजर माझ्याहून बरी! मी सही करणारच होते, तेवढ्यात लेक खालच्या आवाजात बोलला, "मॅडम, मांगच्या सोमवारी बाजाराले गेले न् रात्री भलत्याच गावच्या कापसाच्या जिनिंगवर सापडले. त्याच्या आंधी एकडाव ट्रकसमोर तसेच उभे रायले होते."

"रस्ता खोदला होता," आबाजी म्हणाले.

मी कोरा कागद पुढे केला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाराही आकडे उजव्या अंगाला कोंबले, काटे काढलेच नाहीत. मग त्या कागदाकडे ते कितीतरी वेळ बघत बसले.

विसरण्याचं दुसरं काही कारण नाही ना, म्हणून बी-१२, थायरॉइड तपासलं, यवतमाळला मेडिकल कॉलेजला पाठवलं. अल्झायमर निघाला, हळूहळू आठवण पुसत नेणारा आजार. निदान झालं की त्याच दिवशी प्रत्येकाची गाडी बंद करावी लागते असं नाही. पण पायाखालचा रस्ता चुकायला लागला, ट्रकसमोर गोंधळ उडाला, तर गाडी बंद करायला वाट कशाची बघायची?

तोवर लेकानं चावी लपवून पाहिली होती. मीही आधी तेच सुचवलं असतं. पण का लपवली हे आबाजींना आठवेना; त्यांच्या लेखी ती चोरीच. घर डोक्यावर घेतलं.

म्हणून पुढच्या खेपेला लेकाला बाहेर बसवलं आणि त्यांनाच विचारलं, "आबाजी, नातवाला मागे बसवून बाजारात न्याल?"

पंखा फिरत राहिला. बाहेर कोणाचं तरी लेकरू इंजेक्शनला रडत होतं.

"नाही," ते म्हणाले. आणि लगेच, "बंडी त हाकू न? बैलायले घर माहीत रायते."

हसू आलं, पण मुद्दा बिनतोड होता. ठरलं: घर ते वावर, पांदणीनं, नातू सोबत. डांबरी सडकेवर नाही.

मग मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मी आजपासून फटफटी चालवणार नाही. नातवाच्या जिवासाठी.' खाली तारीख. त्यांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

दोन महिन्यांनी लेक गोळ्या न्यायला आला. सकाळ झाली की आबाजी अजूनही चावी मागतात. तो भिंतीवरचा कागद दाखवतो. ते चष्मा लावून वाचतात, शेवटच्या ओळीवर बोट फिरवतात.

"सही त माहीच हाय," म्हणतात, आणि गोठ्याकडे जातात.