गच्चीवरची भाजी मृगात नको, हस्तात सुरू करा: कोल्हापुरातला माझा अनुभव

गच्चीवर भाजी करायची म्हटलं की बहुतेकजण मृगाची वाट बघतात. शेतात ते बरोबर आहे, गच्चीवरच्या माती भरलेल्या पिशवीत (ग्रो बॅगमध्ये) नाही. कोल्हापुरात जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत आभाळ भरलेलं असतं. त्या दिवसांत रोपाला पाण्याची चणचण नसते, उन्हाची असते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकते त्या आठवड्यांत गच्चीवर दोन तासही धड ऊन मिळत नाही. रोप उंच, फिकट, लुकडं होतं आणि पहिल्याच जोरदार वाऱ्याला आडवं पडतं. म्हणून मी वर्ष हस्त नक्षत्रापासून, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून धरते. ऊन लख्ख पडायला लागतं, रात्री गारवा येतो, बुरशी मागे हटते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला इथून पुढचे चार महिने सगळ्यात सोपे.

हे गणित शहराचं. गगनबावडा, राधानगरीकडे पाऊस कितीतरी जास्त आणि मुक्कामही लांबलेला, तिथे हेच वेळापत्रक दोन-तीन आठवडे पुढे ढकलावं. शिरोळ, हातकणंगलेकडे पाऊस कमी, त्यामुळे मिरची-वांगी तिथे पावसाळ्यातही चांगली तग धरतात. बियांच्या पाकिटावर जे महिने छापलेले असतात ते सगळ्या देशासाठी असतात. त्यावर विसंबून फुलकोबी लावली की काय होतं, ते पुढे येईलच.

आधी माती. नदीकाठची काळी कसदार माती पिशवीत भरायचा मोह होतो, पण ती एकटी वापरू नका. ओली झाली की फुगते, मुळांची हवा कोंडते. वाळली की आकसते, पिशवीच्या कडेने भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली जातं. वरून माती ओली दिसते आणि मुळं कोरडी राहतात. पन्हाळा-जोतिबाकडची तांबडी माती रोपवाटिकेत पोत्याने मिळते, ती घ्यावी. माझं प्रमाण असं: ४ घमेली तांबडी माती, ३ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, २ घमेली भिजवलेलं कोकोपीट, १ घमेलं जाडसर वाळू. दर पिशवीला शंभर ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीटची ५ किलोची वीट साधारण २५ लिटर पाण्यात भिजते. ते पाणी पिळून टाकून पुन्हा एकदा धुवावं, कारण त्यात क्षार असतात आणि त्याने कोवळ्या रोपाच्या पानांच्या कडा करपतात. शेणखत कुजलंय का ते हातात घेऊन ओळखता येतं: शेणाचा वास न येता पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास आला पाहिजे. कच्चं शेण पिशवीत गरम होतं, मुळं भाजतात आणि मुळं खाणाऱ्या हुमणी अळीलाही आमंत्रण मिळतं.

साखर कारखान्यातली मळी, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ (प्रेसमड), स्वस्तात मिळते. ती चांगली आहे, पण किमान तीन-चार महिने कुजवलेली हवी. उसाचं पाचट मात्र आपल्याकडचं खरं धन. त्याचे बोटभर तुकडे करून मातीवर दोन इंच थर द्यावा. मार्च ते मे या काळात पाणी बरंच वाचतं. पाचट मातीत कधीही मिसळू नका. ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी ओढतात आणि महिनाभर झाड पिवळं पडलेलं दिसतं. मग लोक खत वाढवत बसतात, आणि कारण दुसरंच असतं.

टोमॅटो, वांगी, वेलवर्गीय भाज्या यांना १५ इंच रुंद आणि १५ इंच खोल पिशवी, मिरचीला १२ इंची, पालेभाज्यांना ८ इंच खोल पसरट ट्रे. भिजलेली १५ इंची पिशवी ३५ ते ४० किलो भरते. वीस पिशव्या म्हणजे पाऊण टनाच्या आसपास वजन, त्यामुळे त्या स्लॅबच्या मधोमध न मांडता भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे मांडाव्यात. प्रत्येक पिशवीखाली दोन विटा. पाण्याची भोकं तळाला असतातच. मी तळापासून एक इंचावर बाजूलाही सहा-आठ भोकं पाडते, कारण तळाची भोकं स्लॅबला चिकटून बंद होतात.

जागा ठरवताना कठडा विसरू नका. कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडे ५० अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेच्या तीन फुटी कठड्याची सावली अडीच फूट आत येते. ऑक्टोबरात त्या कठड्याला खेटून ठेवलेला टोमॅटो डिसेंबरात दिवसभर सावलीत जातो. हिवाळ्यात पिशव्या उत्तरेच्या भिंतीकडे असाव्यात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, तेव्हा कठडा काहीच आडोसा देत नाही आणि ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लागते.

हिवाळी रोपं ऑगस्टच्या शेवटी ट्रेमध्ये टाकावीत, वरून पारदर्शक कागद लावून. टोमॅटो २५ दिवसांत, वांगी ३० ते ३५ दिवसांत, मिरची ३५ ते ४० दिवसांत लावणीला येते. जुनं बी असेल तर आधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून बघा. सात उगवल्या तर चालेल, चार उगवल्या तर नवीन आणा. कांद्याचं बी वर्षभरातच निकामी होतं, टोमॅटोचं तीन-चार वर्षं चालतं. ट्रेमधली रोपं जमिनीलगत पाण्याने भिजल्यासारखी बारीक होऊन कोलमडली तर ती मर आहे. कारण जवळजवळ नेहमी जास्त पाणी. किलोभर कुजलेल्या शेणखताला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळून ते खत आठवडाभर ओलसर, सावलीत ठेवून वापरलं की हा त्रास खूप कमी होतो.

मेथी, पालक, शेपू, चाकवत, मुळा ऑक्टोबरपासून दर १५ दिवसांनी एकेक ट्रे पेरावा, एकदम सगळे नाही. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि २५-३० दिवसांत काढायला येते. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाका करून, रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, पाचव्या दिवशी उकरून बघू नका. गाजर जागेवरच पेरायचं, रोप काढून लावलं की मूळ वाकडं होतं. ताजं शेणखत असलं तर त्याला फाटे फुटतात.

फुलकोबीचं गणित नीट समजून घ्या. तिच्या लवकर येणाऱ्या आणि उशिरा येणाऱ्या अशा जाती असतात. उशिराच्या जातींना गड्डा धरायला कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री १४-१५ अंश, दुपारी तिशीला टेकलेलं, त्यामुळे या जातींची इथे फक्त पानं वाढतात. बी घेताना लवकरची किंवा मध्यम जात आहे का ते दुकानदाराला विचारूनच घ्या. कोबीला एवढे नखरे नाहीत. मटार मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच पेरावा. पुढे ऊन चढलं की फुलं गळतात.

टोमॅटो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावला तर डिसेंबरपासून तोडा मिळतो. लावताना खोडाचा खालचा तिसरा भाग मातीत जाऊ द्या, तिथूनही मुळं फुटतात. काठी लावणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात. दर १५ दिवसांनी ओंजळभर गांडूळखत, फुलं लागली की सोबत एक चमचा लाकडाची राख. फळाच्या बुडाला काळा, बसका डाग पडला तर तो रोग नाही. पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस कोरडं असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही, त्याचा तो परिणाम. अंड्याची टरफलं टाकून तो थांबत नाही, ती कुजायला फार वेळ घेतात. पाणी रोज सारखं द्या, पुढची फळं स्वच्छ येतात. डिसेंबरात ढगाळ हवा आली की करपा आणि मावा पाठोपाठ येतात. खालची मातीला टेकणारी पानं काढून टाकावीत आणि पाणी पानांवर नको, बुंध्याशी द्यावं.

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळणं, सगळ्यांना छळतो. पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलं तर बहुधा फुलकिडे, खाली वळून पान लांबट झालं तर कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड. निंबोळी अर्क, १०,००० पीपीएमचा, लिटरला २ ते ३ मिली, सोबत थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. दुपारी मारलं तर पानं भाजतात. फुलकिड्यांसाठी निळे, पांढरी माशी आणि माव्यासाठी पिवळे चिकट सापळे. पानं बारीक, गोळा होऊन झाड खुरटलं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. त्या झाडावर काहीही फवारू नका, उपटून पिशवीत बांधून टाका, नाहीतर शेजारची चार झाडं जातात.

उन्हाळी पेरणी संक्रांतीनंतर. भेंडीचं बी थंड मातीत नुसतं पडून राहतं आणि कुजतं, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, रात्रभर भिजवून. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका या जाती हळद्या रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो) बऱ्यापैकी दाद देत नाहीत. गवार, चवळी, काकडी, पोकळा याच वेळी. एप्रिलपासून पाणी सकाळी सातच्या आत, मोठ्या पिशवीला दोन ते तीन लिटर. गच्चीवरच्या पाइपमध्ये दुपारी साठलेलं पाणी कढत असतं, ते आधी बादलीत सोडावं. पिशवीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं की मुळं तापत नाहीत. या दिवसांत टोमॅटोची फुलं गळतात, कारण रात्रही उबदार असते आणि दुपार ३५ अंशांच्या वर जाते. खत वाढवून उपयोग नाही, ते झाड काढून जागा मोकळी करा. वळवाच्या गारांपासून शेडनेटच वाचवते, फक्त ती चारही कोपऱ्यांत दोरीने आवळलेली हवी.

रिकाम्या पिशव्यांतली माती मेमध्ये स्लॅबवर कागद टाकून चार इंच जाड पसरावी, ओली करावी आणि पारदर्शक प्लॅस्टिकने तीन-चार आठवडे झाकून तापवावी. बुरशी, सूत्रकृमी, तणाचं बी बरंच मरतं. मग चौथा हिस्सा नवीन शेणखत आणि पेंड घालून पुन्हा भरायची.

पावसाळ्यात वेल, फक्त वेल आणि अळू. दोडका, कारलं, दुधी यांचं बी रोहिणीत, मेच्या शेवटच्या आठवड्यात लावावं, म्हणजे झड लागेपर्यंत वेल दोन फूट वर चढलेला असतो. मांडव वाऱ्याच्या दिशेला, नैऋत्येकडे, जास्त बांधून घ्या. आठवडाभर पाऊस पडला की नत्र वाहून जातं आणि पानं फिकट होतात. पहिली उघडीप मिळताच एक भाग शेण, दहा भाग पाणी असं गाळून प्रत्येक पिशवीला लिटरभर द्यावं. गोगलगायींसाठी रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवावं, सकाळी त्याखाली जमलेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

वेलावर पहिले आठ-दहा दिवस फक्त नर फुलं येतात, त्यात काही चुकलेलं नसतं. मादी फुलाच्या खाली इवलंसं फळ असतं. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, कारलं आणि काकडी सकाळी. भर पावसात मधमाश्या आणि पतंग फिरकत नाहीत, तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलावर हलकेच टेकवावे लागतात. दोडक्याला हे काम संध्याकाळी सहानंतर. छोटं फळ टोकाकडून पिवळं पडून सुकलं आणि त्यावर छिद्र नसेल तर परागीभवन झालेलं नाही. बारीक छिद्र, त्यावर डिंकासारखा थेंब आणि चिरल्यावर आत अळी दिसली तर फळमाशी. तिला क्यूल्युअरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावा, आणि किडकं फळ खतात न टाकता पाण्यात बुडवून मारा.

वरण्याचं, म्हणजे आपल्याकडच्या घेवड्याचं, बी मृगात टाकलेलं असतं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, वेल मांडव झाकून टाकतो आणि एक फूल दिसत नाही. या जातींना दिवस लहान व्हावे लागतात. वांझ समजून लोक गणपतीच्या सुमारास तो उपटतात. उपटू नका, फक्त शेणखत थांबवा आणि शेंडे खुडा. ऑक्टोबरच्या शेवटी जांभळे-पांढरे तुरे येतात, आणि नोव्हेंबरपासून संक्रांतीपर्यंत दर चार दिवसांनी भाजीपुरत्या शेंगा निघतात.