एका अंशाच्या आत न हलणारा सॉर्ट

पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहातून तक्रार आली: द्राक्षांच्या खोलीतला लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) तापमान उगाच वरखाली दाखवतोय. त्याचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) अंबडला आमच्या टेबलावर आलं. पाच रीडिंग घ्यायची, चढत्या क्रमाने लावायची, मधलं दाखवायचं, एवढंच त्यातल्या फिल्टरचं काम. क्रम लावतो तो सॉर्ट.

टेस्ट बेंचवर ५, १२, २०, २८, ३५ अंश कसेही उलटसुलट दिले तरी क्रम बरोबर लागत होता. मग शीतगृहातली नोंद जशीच्या तशी भरली: ०.२, ०.३, ०.९, ०.८, ०.४. मधलं ०.४ यायला हवं, आलं ०.९. ॲरे (रीडिंगची यादी) जागचा हललाच नव्हता.

सॉर्ट सी भाषेतल्या तयार क्यूसॉर्ट फंक्शनच्या धर्तीवर लिहिलेला होता, त्याला द्यायच्या गोष्टी त्याच: ॲरेचा पत्ता व्हॉइड पॉइंटर (घटकाचा प्रकार न सांगणारा पत्ता) म्हणून, घटकांची संख्या, एका घटकाचा आकार आणि तुलनेच्या फंक्शनचा पॉइंटर (हे फंक्शन पहिला मोठा असेल तर धन, लहान असेल तर ऋण, सारखे असतील तर शून्य देतं). पहिला संशय अर्थातच पत्त्यांवर. व्हॉइड पॉइंटरमध्ये बेरीज प्रमाण सीला मान्य नाही. जीसीसी हा कंपायलर घटकाचा आकार एक बाइट धरून चालवून घेतं, म्हणून तिची सवय लावून घेऊ नये. इथे मात्र आधी अनसाइन्ड कॅरच्या (एकेका बाइटच्या) पॉइंटरमध्ये कास्ट करून, म्हणजे बदलून, क्रमांक गुणिले आकार मिळवलेला. चार बाइटच्या फ्लोटचा (दशांश संख्येचा) तिसरा घटक आठ बाइट पुढे, बरोबर.

घोळ तुलनेच्या फंक्शनमध्ये होता. दोन फ्लोटची वजाबाकी थेट रिटर्न केलेली आणि रिटर्न टाइप इंट, म्हणजे पूर्णांक. ०.९ वजा ०.२ म्हणजे ०.७, इंटमध्ये गेल्यावर दशांश भाग गळून शून्य, म्हणजे 'दोन्ही सारखे'. आमचा सॉर्ट आतून इन्सर्शन सॉर्ट, म्हणजे लहान घटक मागे सरकवत नेणारा; सगळे सारखे म्हटल्यावर तो कशाला हलवेल? खोलीतली सगळी रीडिंग शून्य ते एक अंशाच्या पट्ट्यात, त्यामुळे जे तिसरं आलं तेच पडद्यावर. एखादं ९ अंशांचं खोटं रीडिंग मात्र इमानेइतबारे शेवटी ढकललं जायचं, म्हणून फिल्टर चालतोय असंच वाटायचं!

वजाबाकी काढली. 'पहिला मोठा का' याच्या उत्तरातून 'पहिला लहान का' याचं उत्तर वजा केलं: एक, शून्य किंवा उणे एक. सेन्सरची वायर निघाली की येणारा नॅन ('ही संख्याच नाही' असं सांगणारं मूल्य) कोणाहूनही लहान-मोठा ठरत नाही. तो सॉर्टच्या आधीच गाळला. कंपायलरने हे आधी का सांगितलं नाही? वॉल आणि एक्स्ट्रा हे नेहमीचे इशारे देणारे पर्याय चालू असले तरी फ्लोट-कन्व्हर्जनचा (दशांश भाग गळतोय असा) इशारा वेगळा मागावा लागतो.

तुलनेच्या फंक्शनांचे पॉइंटर ठेवलेल्या फर्मवेअरमधल्या तक्त्यात ३२ बिटी वेळेची तुलनाही वजाबाकीनेच होती. तिथे ओव्हरफ्लो झाला, म्हणजे उत्तर ३२ बिटांत मावलं नाही, की चिन्हच उलटतं, तीही बदलली.